पंपरूममधला रास्पबेरी पाय गोठतो तेव्हा आधी काय बघायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. नवी मुंबईत घणसोलीतल्या एका सोसायटीच्या पंपरूममध्ये ४ जीबीचा रास्पबेरी पाय ४, म्हणजे एका लहानशा बोर्डावरचा कॉम्प्युटर, बसवला आहे. टाक्यांची पातळी मोजणारे सेन्सर, पंपाचं वेळापत्रक आणि दोन कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग एवढं सगळं तो एकटा सांभाळतो. नोड-रेड (आपोआप चालणारी कामं जोडणारं), मॉस्किटो (सेन्सरचे संदेश पोचवणारं), इन्फ्लक्सडीबी (आकड्यांचा डेटाबेस) आणि ग्राफाना (आलेखांचा डॅशबोर्ड) ही सॉफ्टवेअर एकाच मेमरी कार्डावर आहेत, रेकॉर्डिंग यूएसबी हार्ड डिस्कवर जातं. दुपारी डॅशबोर्ड मिनिट-दीड मिनिट गोठतो, आणि कधी कधी पंप सुरू होताना बोर्ड आपोआप रीस्टार्ट होतो. एचटॉपमध्ये (चालू कामं दाखवणारा प्रोग्रॅम) सीपीयू १५ टक्क्यांच्या आसपास दिसतो, लोड अ‍ॅव्हरेज मात्र ६. कमिटी ८ जीबीचा बोर्ड किंवा पाय ५ घ्यायला तयार आहे. घ्यावा का, आणि मॉनिटरिंगसाठी कोणतं सॉफ्टवेअर टाकावं?

सरळ उत्तर आधी देते. आत्ता नवा बोर्ड घेऊ नका. तुम्ही दिलेल्या दोन आकड्यांवरूनच दिसतंय की सीपीयू कमी पडत नाहीये, आणि रॅम अपुरी असल्याची खूणही त्यांत नाही. महापे, रबाळे, वागळे इस्टेट या भागातल्या लहान कारखान्यांत असे बोर्ड बसवणं आणि सांभाळणं हेच माझं काम आहे. ‘पाय स्लो झालाय’ म्हणून जे फोन येतात त्यांतल्या बहुतेकांचं मूळ तीन ठिकाणी सापडतं: ५ व्होल्टचा पुरवठा, उष्णता आणि मेमरी कार्ड. एचटॉप उघडल्यावर जो पडदा समोर येतो त्यावर यांतलं काहीच धड कळत नाही. ऑफिसातल्या पीसीवर आपण सीपीयू, मग रॅम, मग डिस्क असं बघत जातो, कारण वीज आणि थंडावा तिथे गृहीत धरलेले असतात. या बोर्डावर ते गृहीत धरता येत नाहीत. म्हणून क्रम उलटा करायचा. बोर्डाची तब्येत आधी, त्याच्यावरचं काम नंतर.

पुढे कमांड मी उच्चाराप्रमाणे लिहिते आहे. टर्मिनलमध्ये त्या नेहमीसारख्या रोमन अक्षरांत द्यायच्या.

सुरुवात तुमच्या लोड अ‍ॅव्हरेजपासून करू. ६ चा लोड आणि १५ टक्के सीपीयू ही जोडी विचित्र वाटते, पण लिनक्सवर ती बरंच काही सांगते. लिनक्स या आकड्यात दोन प्रकारच्या प्रोसेस, म्हणजे चालू प्रोग्रॅम, मोजतो: सीपीयू मिळण्यासाठी रांगेत असलेल्या (किंवा सीपीयूवर चालू असलेल्या), आणि डिस्ककडून उत्तर येईपर्यंत अडकून पडलेल्या. दुसऱ्या प्रकारातल्या प्रोसेस सीपीयू अजिबात वापरत नाहीत, पण लोड वाढवतात. चार कोअरचे १५ टक्के म्हणजे एका कोअरचंही पूर्ण काम भरत नाही. मग लोडमधले उरलेले पाच-साडेपाच कुठून आले? ते बहुधा कार्डाची किंवा हार्ड डिस्कची वाट बघत बसले आहेत. खात्री करायची तर डॅशबोर्ड गोठलेला असतानाच एसएसएचने (दुसऱ्या कॉम्प्युटरवरून, नेटवर्कमधून) आत जा आणि ‘पीएस -ईओ स्टेट,पिड,सीएमडी’ द्या. ज्या ओळींच्या सुरुवातीला ‘डी’ अक्षर असेल त्या अडकलेल्या प्रोसेस. दोन-तीन वेळा लागोपाठ देऊन बघा. दर वेळी तीच नावं ‘डी’ मध्ये दिसली तर दोषी डिस्क कोणती हे कळायला फार वेळ लागत नाही.

याच्या जोडीला ‘व्हीएमस्टॅट ५’ चालू ठेवा. त्याची पहिली ओळ बोर्ड सुरू झाल्यापासूनची सरासरी असते, ती सोडून द्यायची. पुढच्या ओळींत ‘बी’ हा रकाना अडकलेल्या प्रोसेस दाखवतो आणि ‘डब्ल्यूए’ हा सीपीयू डिस्कसाठी रिकामा थांबल्याचा टक्का. इथे चार कोअर आहेत हे लक्षात ठेवून वाचा. ‘डब्ल्यूए’ २५ म्हणजे एक कोअर सतत डिस्कसाठी ताटकळतोय. असाच घोळ सीपीयूच्या एकूण टक्क्यातही होतो. नोड-रेडमधले फ्लो (कामांच्या साखळ्या) एकाच थ्रेडवर, म्हणजे एका वेळी एकाच कोअरवर, चालतात, त्यामुळे एखादा फ्लो बेभान झाला तर एक कोअर पूर्ण भरतो, पण एकूण आकडा २५ टक्केच दिसतो आणि बघणारा निर्धास्त राहतो. टॉपमध्ये १ दाबलं की चारही कोअर वेगळे दिसतात. ती सवय लावून घ्या.

आता पुरवठा. पंप सुरू होताना बोर्ड रीस्टार्ट होतो हे वाचल्यावर माझा पहिला संशय इथेच गेला. ‘व्हीसीजेनसीएमडी गेट_थ्रॉटल्ड’ ही कमांड या बोर्डावरची सगळ्यात मोलाची कमांड आहे, आणि मी ज्यांच्याकडे जाते त्यांतल्या फार थोड्यांनी ती कधी चालवलेली असते. उत्तर येतं ‘०एक्स०’ किंवा ‘०एक्स५०००५’ अशा रूपात. पहिलं आलं तर बोर्ड सुरू झाल्यापासून काहीही बिघडलेलं नाही. दुसऱ्यात घाबरण्यासारखं काही नाही, फक्त वाचायचं कसं ते माहीत हवं. उजवीकडचा शेवटचा अंक आत्ताची स्थिती सांगतो. उजवीकडून पाचवा अंक बोर्ड सुरू झाल्यापासून कधीतरी काय घडून गेलं ते सांगतो. दोन्हींचा अर्थ सारखाच लावायचा: १ म्हणजे व्होल्टेज कमी, २ म्हणजे क्लॉकवर (सीपीयूच्या वेगावर) मर्यादा, ४ म्हणजे थ्रॉटलिंग (वेग उतरवणं), ८ म्हणजे तापमानाची पहिली मर्यादा ओलांडली. एकापेक्षा जास्त गोष्टी घडल्या तर त्यांची बेरीज दिसते. म्हणजे ५ हे ४ अधिक १. व्होल्टेज पडलं आणि त्यापायी बोर्डाने वेग उतरवला. ‘०एक्स५००००’ आलं तर आत्ता सगळं ठीक आहे, पण मधल्या काळात हे होऊन गेलंय. पाचव्या जागी ६ किंवा ई, म्हणजे १४, दिसलं तर त्या बेरजेत १ नाही. व्होल्टेज चांगलं आहे, उष्णतेकडे बघा.

पाचव्या जागेवरचा अंक रीबूट होईपर्यंत पुसला जात नाही. त्यामुळे ‘घडलं’ एवढं कळतं, ‘केव्हा घडलं’ ते कळत नाही. ते ‘डीमेसेज’ मध्ये, म्हणजे लिनक्सच्या अंतर्गत नोंदवहीत, ‘अंडरव्होल्टेज डिटेक्टेड’ या ओळींच्या वेळेवरून कळतं. त्या वेळा पंप सुरू होण्याच्या वेळांशी लावून बघा. तुमच्याकडे पंपाच्या वेळा नोड-रेडमध्ये आहेतच.

व्होल्टेज साधारण ४.६३ च्या खाली गेलं की बोर्ड ही खूण लावतो. ते तिथपर्यंत कसं जातं याचा हिशेब साधा आहे. अधिकृत अ‍ॅडाप्टर ५.१ व्होल्ट, ३ अँपिअरचा असतो. केबलच्या दोन्ही तारा आणि कनेक्टर मिळून ०.२ ओहम रोध धरा, आणि बोर्ड व हार्ड डिस्क मिळून २.५ अँपिअर ओढतायत असं धरा. केबलमध्येच अर्धा व्होल्ट गेला आणि बोर्डापर्यंत ४.६ पोचले. बारीक तारेची लांब केबल असेल तर एवढा रोध सहज निघतो. त्यात अ‍ॅडाप्टर मोबाइलचा असेल तर आणखी पंचाईत. त्याच्यावर ६५ वॅट लिहिलेलं असतं, पण ते ९ किंवा २० व्होल्टवरचे वॅट असतात. हा बोर्ड फक्त ५ व्होल्ट मागतो, आणि ५ व्होल्टवर तो चार्जर किती अँपिअर देतो ते लेबलवर बारीक अक्षरांत वेगळं दिलेलं असतं. तेच वाचा. तुमची हार्ड डिस्क बोर्डाच्याच यूएसबीवर चालत असेल तर तीही याच पुरवठ्यातून जेवते, आणि पाय ४ वर चारही यूएसबी पोर्ट मिळून मर्यादा १.२ अँपिअरची आहे. फिरणारी डिस्क सुरू होताना त्या मर्यादेच्या जवळ जाते. ‘डीमेसेज’ मध्ये यूएसबी ‘रीसेट’ किंवा ‘डिस्कनेक्ट’च्या ओळी दिसल्या तर डिस्क मध्येच गळतेय. रेकॉर्डिंग करणारी प्रोसेस त्या वेळी ‘डी’ मध्ये अडकते. तुमचा ६ चा लोड यातूनही येऊ शकतो.

‘मेझर_व्होल्ट्स’ ही कमांड बघून पुष्कळ जण निश्चिंत होतात. ती चिपच्या आतलं कोअर व्होल्टेज दाखवते, बाहेरून येणारे ५ व्होल्ट नव्हे. पाय ५ वर बाहेरचं व्होल्टेज ‘पीएमआयसी_रीड_एडीसी’ने वाचता येतं. पाय ४ वर ती सोय नाही, मल्टिमीटरच लागतो. जीपीआयओच्या (बोर्डावरच्या पिनांच्या रांगांतल्या) २ किंवा ४ नंबरच्या पिनवर लाल प्रोब, ६ नंबरवर काळा. प्रोबचं टोक शेजारच्या पिनला लागू देऊ नका, ५ व्होल्ट चुकून ३.३ च्या पिनवर गेले तर बोर्ड गेलाच समजा. शिवाय क्षणभराची घट साध्या मीटरवर दिसत नाही. म्हणून मीटर चांगलं दाखवतोय आणि थ्रॉटल्ड ५ दाखवतंय असं झालं तर थ्रॉटल्डवर विश्वास ठेवा.

पंपाचं म्हणाल तर डायरेक्ट ऑन लाइन, म्हणजे थेट पूर्ण व्होल्टेजवर जोडणाऱ्या, स्टार्टरवरची मोटार सुरू होण्याच्या क्षणी पूर्ण भाराच्या पाच-सहा पट करंट ओढते. पंपरूमची वायर जुनी किंवा बारीक असेल तर त्या क्षणी तिथला मेन्स दबतो. चांगला अ‍ॅडाप्टर तेवढा धक्का पचवतो, स्वस्तातला पचवत नाही. रास्पबेरी पायचा प्लग पंपाच्याच स्विचबोर्डातून घेतला असेल तर आधी तो वेगळ्या लाइनवर न्या. हे काम इलेक्ट्रिशियनचंच आहे. सोसायटीत हौशी माणसं खूप असतात, पण ओल्या पंपरूममध्ये त्यांना हात लावू देऊ नका.

दुपारी गोठतो, सकाळी नाही, यात उष्णतेचाही हात असू शकतो. पाय ४ चा वेग ८० अंशांपासून हळूहळू उतरवला जातो, ८५ च्या जवळ जास्त जोरात. बोर्डाचं तापमान म्हणजे खोलीचं तापमान अधिक कामामुळे चढणारा भाग. काम तेच राहिलं तर चढणारा भागही साधारण तेवढाच राहतो. जानेवारीत टेस्ट करून ‘६२ अंश, मस्त’ म्हणून बंद केलेला डबा मे महिन्यात किंवा ऑक्टोबर हीटमध्ये ८० ला टेकतो तो यामुळेच. घणसोलीत पत्र्याखालच्या किंवा गच्चीवरच्या पंपरूममध्ये दुपारी किती तापतं ते तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं जाणता.

रबाळ्याच्या एका पावडर कोटिंगच्या शेडमधला बोर्ड आठवतो. तिथे ओव्हनच्या कंट्रोल पॅनेलच्या डोक्यावर पाय ४ बसवलेला होता, आणि तक्रार हीच, दुपारनंतर स्क्रीन रेंगाळतो. मिनिटागणिक नोंद लावली. सकाळी अकराला ७१ अंश आणि क्लॉक १५०० मेगाहर्ट्झ. एकच्या सुमाराला ८० अंश, क्लॉक खालीवर. अडीचला ८३ अंश आणि क्लॉक हजाराच्या आसपास, थ्रॉटल्डच्या शेवटच्या अंकात १ कधीच नाही. ओव्हन भरला की अर्ध्या तासाने आलेख चढायचा, आणि जेवणाच्या सुट्टीत ओव्हन बंद असला की उतरायचा. बोर्ड तिथून काढून समोरच्या भिंतीवर, पॅनेलपासून लांब, उभा लावला. उभा लावला की हवा खालून वर वाहते. एवढ्यावर प्रश्न मिटला. पंख्याचीही गरज पडली नाही, आणि पंखा न लावण्याचं एक कारण असं की पावडरच्या धुळीत तो लवकरच जाम झाला असता.

या नोंदीत क्लॉक वाचायचा तो ‘व्हीसीजेनसीएमडी मेझर_क्लॉक आर्म’ने. एचटॉपसारखी साधनं कर्नलकडून (लिनक्सच्या गाभ्याकडून) जी फ्रिक्वेन्सी घेतात ती कर्नलने मागितलेली असते. फर्मवेअरने (बोर्डाच्या स्वतःच्या नियंत्रक प्रोग्रॅमने) वरून वेग उतरवला तर त्यात ते दिसेलच असं नाही. बोर्ड निवांत असताना ६०० मेगाहर्ट्झ दिसलं तर तो बिघाड नव्हे, काम नसताना वेग उतरवण्याची ती नेहमीची पद्धत आहे. काम चालू असताना ६०० दिसलं तर मात्र दखल घ्या. सीपीयूचा टक्का हा वेळेचा टक्का असतो, वेगाचा नाही, त्यामुळे १५०० वरचे ४० टक्के आणि ६०० वरचे ४० टक्के यांत अडीच पटींचा फरक पडतो. सीपीयूचा आलेख क्लॉकच्या आलेखाशिवाय मी वाचतच नाही.

आता मेमरी कार्ड. तुमच्या बाबतीत गोठण्याचा मोठा वाटा मला इथेच दिसतो. इन्फ्लक्सडीबी, नोड-रेडचे लॉग, सिस्टिमचा जर्नल (नोंदवही), ग्राफानाचा डेटाबेस हे सगळे कार्डावर लहान लहान आणि विखुरलेले तुकडे लिहितात. कार्डाच्या पाकिटावरचा ‘१०० एमबी प्रति सेकंद’ हा आकडा लांबलचक सलग फाइल वाचण्याचा असतो, तुमच्या कामाशी त्याचा संबंध नाही. तुमच्या कामाचा आकडा म्हणजे ए१ किंवा ए२ हा शिक्का. ए१ कार्डाने सेकंदाला किमान ५०० विखुरलेली लेखनं झेलली पाहिजेत, ए२ ने २०००. तेही कार्ड तंदुरुस्त असताना. फ्लॅश मेमरीत एक लहान तुकडा बदलायला आतल्या कंट्रोलरला मोठा ब्लॉक पुसावा लागतो. मोकळे ब्लॉक संपत आले की तो सफाईला बसतो आणि तेवढा वेळ बाहेरची सगळी लेखनं थांबतात. तुमच्या डॅशबोर्डच्या भाषेत हेच गोठणं.

‘सिसस्टॅट’ पॅकेज टाका आणि ‘आयओस्टॅट -एक्स ५’ चालवा. ‘डब्ल्यू_अवेट’ हा रकाना एका लेखनाला किती मिलिसेकंद लागले ते सांगतो. चांगल्या कार्डावर हा आकडा लहान असतो. गोठण्याच्या वेळी तो शेकड्यांत गेला आणि शेजारचा ‘यूटिल’ १०० ला चिकटला तर कार्ड दमलंय. कोण लिहितंय ते ‘आयओटॉप -ओपीए’ सांगतं. हे साठवत जातं, म्हणून दहा-पंधरा मिनिटं तसंच चालू ठेवून मग बेरीज बघा. कर्नल ५.१४ पासून त्यातला टक्केवारीचा रकाना मुळात बंद असतो, ‘सिसकंट्रोल’मध्ये (कर्नलच्या सेटिंगमध्ये) ‘कर्नल.टास्क_डिलेअ‍ॅक्ट’ १ केल्यावर दिसतो. लिहिलेल्या डेटाची बेरीज मात्र तशीही मिळते. यादीत ‘जेबीडी२’ नावाची प्रोसेस वर दिसेल. तिला दोष देऊ नका, ती एक्स्ट४ फाइल सिस्टिमचा जर्नल लिहिते, म्हणजे दुसऱ्या कुणाचं तरी ओझं वाहते. तिच्याखालची नावं बघा.

उपाय सांगायचा तर इन्फ्लक्सडीबीचा डेटा कार्डावरून काढून एसएसडीवर न्या. एसएसडीला वेगळा पुरवठा असलेला यूएसबी हब द्या, म्हणजे ५ व्होल्टचं ओझंही उतरेल. कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग आणि डेटाबेस एकाच फिरत्या डिस्कवर मात्र टाकू नका, डिस्कचं वाचणारं-लिहिणारं डोकं इकडून तिकडे पळत राहील आणि दोघांचंही नुकसान होईल. सेन्सरची पातळी तुम्ही दर सेकंदाला लिहीत असाल तर तेही बदला. टाकीतलं पाणी सेकंदासेकंदाला बदलत नाही. दर मिनिटाला, किंवा पातळी ठरावीक फरकाने हलली तरच लिहा. एवढ्या एका बदलाने कार्डावरची कितीतरी लेखनं कमी होतील, आणि यासाठी एक रुपयाही लागत नाही.

रॅमबद्दल थोडक्यात. ‘फ्री -एम’ मध्ये ‘फ्री’ नावाचा रकाना लहान दिसतो म्हणून लोक घाबरतात. लिनक्स रिकामी रॅम फाइल कॅशसाठी वापरतो आणि गरज पडली की लगेच सोडतो. ‘अव्हेलेबल’ रकाना बघा. तिथे एक जीबीच्या वर असेल आणि व्हीएमस्टॅटमध्ये ‘एसआय’ आणि ‘एसओ’ (स्वॅपमधून, म्हणजे रॅम कमी पडली की वापरायच्या डिस्कवरच्या जागेतून, आत येणारा आणि तिकडे जाणारा डेटा) शून्याच्या आसपास असतील तर ८ जीबी घेऊन काहीही फरक पडणार नाही. उलट ते दोन आकडे सतत हलत असतील तर स्वॅप कार्डावर चाललंय, आणि तेव्हा रॅमचा विचार जरूर करा. हे सगळं डॉकरमध्ये (प्रत्येक सॉफ्टवेअर वेगळ्या डब्यात चालवण्याची सोय) चालवत असाल तर ‘डॉकर स्टॅट्स’ मेमरी शून्य दाखवेल. रास्पबेरी पाय ओएसवर मेमरीचा सीग्रुप, म्हणजे डब्यागणिक मेमरी मोजणारी सोय, मुळात बंद असतो. बूटच्या सीएमडीलाइन फाइलमध्ये ‘सीग्रुप_एनेबल=मेमरी’ जोडून रीबूट केलं की आकडे येतात.

हे सगळं हाताने बघणं ठीक आहे, पण गोठणं काही तुमची वाट बघून होत नाही. म्हणून नोंद. मॉनिटरिंगचं सॉफ्टवेअर कोणतं यापेक्षा ते लिहितं कुठे, हा प्रश्न मी आधी विचारते. आजारी कार्डावर दर सेकंदाला शंभर आकडे लिहिणारं साधन बसवलं तर आपण आजारातच भर घालतो. नेटडेटा दिसायला देखणं आहे आणि सेकंदागणिक आकडे घेतं. एखाद्या दुपारी बारकाईने बघायला मी ते लावते आणि काम झालं की काढते, अशा बोर्डावर कायम ठेवत नाही. प्रोमिथिअस (आकडे गोळा करून साठवणारं साधन) चांगलं आहे, पण ते दुसऱ्या मशीनवर असावं. बोर्डावर फक्त त्याचा नोड एक्सपोर्टर ठेवायचा, तो हलका असतो आणि ९१०० पोर्टवर विचारलं तेवढंच सांगतो. तुमच्याकडे इन्फ्लक्स आणि ग्राफाना आधीच आहेत, तर नवीन पसारा नको. टेलिग्राफ (आकडे गोळा करून इन्फ्लक्सला देणारा प्रोग्रॅम) टाका, त्याचा मुळातला १० सेकंदांचा अंतराल ६० करा, आणि सीपीयू, मेमरी, डिस्क आयओ, स्वॅप आणि सिस्टिम एवढेच प्लगइन ठेवा. त्यात ‘एक्झेक’ प्लगइनने एक लहान स्क्रिप्ट जोडा जी तापमान, प्रत्यक्ष क्लॉक आणि थ्रॉटल्ड हे तीन आकडे देईल. ‘व्हीसीजेनसीएमडी’ चालवायला टेलिग्राफचा युजर ‘व्हिडिओ’ ग्रुपमध्ये घालावा लागतो. ते राहिलं की हे तीन रकाने रिकामे येतात आणि माणूस स्क्रिप्टमध्ये चूक शोधत बसतो. हे काम नोड-रेडच्या एक्झेक नोडवर सोपवू नका. नोड-रेडच गोठला तर नेमक्या हव्या त्या मिनिटांची नोंद हुकेल.

सगळं मोडलं तरी मागे काहीतरी उरावं म्हणून ‘सार’ चालू ठेवा. ते सिसस्टॅटमध्येच येतं, डेबियनवर फक्त त्याच्या सेटिंगमध्ये ‘एनेबल्ड’ ट्रू करावं लागतं. दर दहा मिनिटांनी एक नोंद, कार्डावर नगण्य भार. इन्फ्लक्सच बंद पडलं त्या दिवशी सारच कामी येतं.

ग्राफानात पॅनेल एकाखाली एक लावा आणि वेळेचा अक्ष सगळ्यांचा एक ठेवा: पंप चालू-बंद, थ्रॉटल्ड, तापमान, क्लॉक, कार्डाचं डब्ल्यू_अवेट, लोड. पंपाची रेघ मुद्दाम सगळ्यात वर ठेवा. दुपारी अमुक वाजून तमुक मिनिटांनी आधी काय हललं आणि मागून काय हललं हे तुम्हाला डोळ्यांनी दिसेल. पंपानंतर थ्रॉटल्ड आणि मग लोड, असं दिसलं तर पुरवठा. पंप बंद असताना आधी अवेट चढलं आणि मग लोड, तर कार्ड. तापमान तासभर सावकाश चढून क्लॉक पडला, तर उष्णता.

दोन गोष्टी राहिल्या. पाय ४ मध्ये घड्याळाची बॅटरी नाही. वीज जाऊन आली की नेटवरून वेळ मिळेपर्यंत तो जुन्या वेळेवर चालतो आणि त्या काळातल्या नोंदी चुकीच्या जागी पडतात, म्हणजे नेमक्या तुम्हाला हव्या त्या. डीएस३२३१ चं आरटीसी (बॅटरीवर चालणारं घड्याळ) मॉड्यूल स्वस्तात मिळतं, ते लावा. शिवाय जर्नल कायमस्वरूपी साठवला जातोय ना ते बघा, नाहीतर ‘जर्नलकंट्रोल -बी -१’ देऊन रीस्टार्टच्या आधीचं काहीच मिळणार नाही. दुसरी गोष्ट, बोर्ड पूर्ण बंद पडल्याची बातमी तो स्वतः देऊ शकत नाही. सोसायटीच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर अपटाइम कुमासारखं काहीतरी ठेवा जे बोर्डाला दर मिनिटाला हाक मारेल आणि उत्तर नाही आलं तर मेसेज करेल. पंप बंद होण्याची वेळ चुकली तर टाकी वाहते आणि घणसोलीत पाणी असं वाया घालवणं कुणालाच परवडणारं नाही, त्यामुळे हे टाळू नका. बाहेरून डॅशबोर्ड बघायचा असेल तर राउटरवर ग्राफानाचा ३००० पोर्ट उघडू नका, वायरगार्ड किंवा टेलस्केलसारखा व्हीपीएन (सुरक्षित खाजगी जोडणी) वापरा.

कामाचा क्रम असा ठेवा. या आठवड्यात टेलिग्राफ आणि सार लावा, बाकी कशालाही हात न लावता सात-आठ दिवस नोंद होऊ द्या. मग अधिकृत अ‍ॅडाप्टर आणि डिस्कसाठी वेगळ्या पुरवठ्याचा हब. पुन्हा काही दिवस नोंद. मग डेटाबेस एसएसडीवर. एका वेळी एकच बदल, नाहीतर कशाने गुण आला ते कळत नाही आणि पुढच्या उन्हाळ्यात परत पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. पाय ५ चा मोह आवरा. तो पुष्कळ वेगवान आहे, पण त्याला ५ व्होल्ट ५ अँपिअरचा अ‍ॅडाप्टर लागतो आणि भार आला की तो जास्त तापतो. आज ज्या पुरवठ्यावर आणि ज्या खोलीत पाय ४ धडपडतोय तिथे तो आणखी धडपडेल.

एवढं करूनही गोठणं थांबलं नाही तर गोठलेल्या मिनिटातलं थ्रॉटल्डचं उत्तर, ‘डी’ मधल्या प्रोसेसची यादी आणि आयओस्टॅटचे तीन-चार सलग नमुने मला पाठवा. अ‍ॅडाप्टरच्या लेबलचा आणि बोर्ड बसवलेल्या जागेचा फोटोही जोडा.